खालचा दोरा

चंपतरावांचा एक नियम होता. बिघाड सांगणाऱ्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि विश्वास मात्र मशीनवर ठेवायचा. माणूस खोटं बोलतो, नाहीतर वाढवून तरी बोलतो. लोखंडाला ती कला नाही. इतवारीतल्या त्यांच्या दुकानात पंधरा वर्षं शिलाई मशीनी दुरुस्तीला येत होत्या आणि जशी आली तशी एकही परत गेली नव्हती. घराणं विणकरांचं, वडिलांचे दोन माग होते. पण पोराचा जीव रमला तो स्क्रू आणि स्प्रिंगांत.

सन पंचावन्नच्या वैशाखात त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या घरी मशीन आणली. नवीकोरी, पायानं चालवायची, गाद्या-रजया शिवता येतील अशी दणकट. तांडापेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी ती ठेवली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि गल्लीभर मागांची खटखट चालू होती. पाच दिवसांनी एकुलत्या एक गोपिकेचं लग्न होतं, सासर उमरेडचं. त्याआधी एक गोधडी पुरी करायची होती.

गोधडी देवकीची. देवकी म्हणजे चंपतरावांची बायको, जाऊन दोन वर्षं झालेली. लेकीसाठी तिनं आपल्या जुन्या लुगड्यांचे थर घालून ती शिवायला घेतली होती. गोधडी कडेकडेनं शिवत आत येतात. देवकीच्या ओळी चारी बाजूंनी येऊन मधला हातभर चौक तेवढा राहिला होता. ती डावखुरी. टाके तिचे ठरलेले, तीन बारीक आणि एक लांब. आणि दोरा ती कात्रीनं कधी कापायची नाही, दातानं तोडायची. "आपल्या माणसाच्या पांघरुणाले कात्री नाही लावत," म्हणायची. दातांना गुडाखू लावायची सवय, त्यामुळे तिनं तोडलेल्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला तंबाखूचा तपकिरी ठिपका असायचा. चंपतराव त्यावरून तिला जन्मभर चिडवत आले.

तापात पडली तरी ती शिवतच होती. एके दिवशी चंपतराव वैतागले. "काहून डोळे फोडून राहिली वं? मशीन आणतो, एका दिवसात करून देतो." असं म्हणून त्यांनी गोधडी तिच्या मांडीवरून उचलली आणि पेटीत टाकली. त्यानंतर दहाव्या दिवशी, जाताना ती एवढंच म्हणाली, "पोरीले गोधडीबिगर धाडू नका." मांडीवरून उचललेली ती गोधडी दोन वर्षं चंपतरावांच्या मनावर दगडासारखी बसून होती.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी चिंधीवर टाका घालून पाहिला. वरून एकसारखा, खालून एकसारखा. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात बरोबर मध्ये गुंतत होते. मग गोधडी पसरली. पालथ्या बाजूला देवकीच्या शेवटच्या ओळीचा दोरा तसाच लोंबत होता. चंपतरावांच्या बोटांनी विचार न करताच एक काम केलं. विणकराच्या घरात मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा संपला की जुनी टोकं फेकत नाहीत. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पीळ देऊन जोडतात, की माग पुढे चालू. लहानपणी हजारो वेळा केलेलं काम. बॉबिनचा, म्हणजे मशीनचा खालचा दोरा त्यांनी देवकीच्या टोकाला तसाच पीळ देऊन जोडला आणि पायडल दाबलं.

वीतभर शिवून गोधडी उलटली, तर खालचा दोरा तारेसारखा ताठ आणि वरच्या दोऱ्याचे फास खाली ओढले गेलेले.

"खालचा ताण जास्त झाला," ते स्वतःशीच म्हणाले. बॉबिनच्या डबीचा स्क्रू पाव फेरा सैल केला. चिंधीवर पाहिलं, आता उलट खालचा ढिला. गोधडीवर मात्र ताठच. मग वरचा दोरा दाबून धरणाऱ्या चकत्या आवळल्या, सुई बदलली, दोरा पुन्हा ओवला, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला कापूस झाडला. संध्याकाळपर्यंत वरचा दोरा सात वेळा तुटला.

त्यांची थोरली बहीण रंभाबाई लग्नासाठी आल्या होत्या. दारात बसून त्या तांदूळ निवडत होत्या. "काहून गा चंपत? मशीन नवी अन् कुरकुर जुनीच?"

"जाड थर आहेत. बसते वेळ," चंपतराव म्हणाले. पण थर जाड असले तर दोन्ही दोरे सारखेच अडतात, एकटा खालचाच ताठ होत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं उसवलं. दोष आपल्या सांध्याचा असणार, असं ठरवून तो कापून टाकला. देवकीचं टोक मोकळं सोडलं, नवी बॉबिन भरली आणि या खेपेला काही न जोडता, बोटभर अंतरावरून शिवायला घेतलं. चार टाक्यांतच वरचा दोरा तुटला.

गोधडी उलटली. देवकीचं टोक बॉबिनच्या दोऱ्याला जोडलेलं होतं.

चंपतरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सांधा पक्का होता, विणकराचा. पण त्यांचा पीळ उजवीकडे पडायचा. हा डावीकडे होता.

"गोपे, हे तू जोडलं का?"

गोपिका हळद वाटता वाटता उठून आली. "मले कोठी पीळ देता येते बाबा?" रंभाबाईंची बोटं संधिवातानं वाकलेली, त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. सुईच्या ओढीनं टोक फिरून गुंतलं असेल, असं चंपतरावांनी ठरवलं. ठरवलं, पण पटलं नाही. त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धवट टाकलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शिकाऊ माणसाला शिकवतात ती परीक्षा घेतली. बॉबिनची डबी बाहेर काढायची, तिच्याच दोऱ्यानं हवेत लटकवायची आणि हलका झटका द्यायचा. ताण बरोबर असेल तर डबी थोडी खाली सरकून थांबते. दोरा गोधडीत गुंतलेलाच होता. त्यांनी एका हातानं गोधडी वर धरली, डबी खाली लोंबू दिली आणि झटका दिला.

डबी सरकली नाही.

त्यांनी स्क्रू पूर्ण काढून टाकला. आता दोऱ्याला धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं; डबी धपकन जमिनीवर जायला हवी होती. ती लटकलेलीच राहिली. मग हळूहळू ती दोन बोटांएवढी वर आली. दोरा गोधडीच्या आत जात होता.

चंपतरावांनी गोधडी खाली ठेवली, स्क्रू परत बसवला आणि अंगणात जाऊन रांजणातलं पाणी प्यायले. गल्लीत माग चालू होते. सगळं जिथल्या तिथे होतं.

"मशीन जमत नसन तर राहू दे," रंभाबाई म्हणाल्या. "कोणाकडून हातानं चार टाके घालून घेऊ. पोरीचं काही अडून नाही राहिलं."

"अडून राहिलं," चंपतराव म्हणाले. "मी शब्द देला होता."

चौथा दिवस हळदीचा. भर दुपारी बायका मांडवात गात होत्या आणि पुढच्या खोलीत चंपतराव एकटेच होते. उद्या वरात निघणार होती आणि चौक तसाच उघडा होता. त्यांनी मशीनकडे पाहिलं. तीन दिवस ते एकच करत आले होते. खालून ओढ आली की वरून आवळायचं, आणखी ओढ आली की आणखी आवळायचं. रस्सीखेच झाली होती ती. त्यांना एकदम देवकीच्या मांडीवरून ओढलेली गोधडी आठवली.

त्यांनी वरच्या चकत्यांचं बोंड फिरवलं आणि सैल करत करत पार मोकळं सोडलं. असा टाका पडूच शकत नाही. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

पायडल दाबलं. मशीन लोण्यासारखी चालली.

चौकाच्या कडेनं एक ओळ. वळून दुसरी. दोरा तुटला नाही. गोपिका ओल्या हळदीच्या अंगानं दाराशी येऊन उभी राहिली. मशीनच्या कडेवरून लोंबणारी गोधडीची पालथी बाजू तिला दिसत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे आईचे टाके होय नं?"

चंपतरावांनी वाकून पाहिलं. वरून मशीनचे एकसारखे टाके. खालून तीन बारीक, एक लांब. तीन बारीक, एक लांब.

"जाय तू," ते म्हणाले. "मांडवात जाय, बाई."

ती गेली. त्यांनी शिवणं थांबवलं नाही.

चौक लहान होत गेला. हाताएवढा, तळव्याएवढा. मग रुपयाएवढा.

शेवटचा टाका पडला. त्यांनी पाय उचलला. चाक थांबलं.

खालची बॉबिन अजून फिरत होती.

मग तीही थांबली. त्यांनी सुई वर घेतली, वरचा दोरा सोडवला आणि गोधडी उचलायला गेले. ती उचलेना. बरोबर मधून एक दोरा खाली मशीनच्या पोटात गेला होता, ताठ. त्यांनी थोडं ओढलं. पलीकडूनही तेवढंच ओढलं गेलं.

कात्री भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती. त्यांचा हात तिकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

"चुकलो मी," चंपतराव म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "तुझ्या मांडीवरून उचलायले नोको होती."

मांडवातली गाणी चालू होती.

"झाली वं पुरी. सोड आता. तिले जाऊ दे."

काही वेळ काहीच झालं नाही. मग दोरा सुटला आणि गोधडी त्यांच्या हातात आली, हलकी.

त्यांनी ती उलटी केली. मधोमध दोऱ्याचं टोक होतं. सकाळीच त्यांनी नव्या रिळावरून ही बॉबिन भरली होती, दोरा पांढराशुभ्र. टोक तेवढं चावल्यासारखं चपटं झालं होतं. त्यांनी त्याला बोट लावलं.

ते ओलं होतं. बोटाला तपकिरी ठिपका लागला.