दुहेरी मधुमालती

मोजपट्टीचं टोक बोगनवेलीत अडकलं आणि तो ते जोर लावून ओढायला लागला, तेव्हा नर्सरीच्या कुंपणामागून आवाज आला, "अहो, ओढू नका! काटे आहेत तिला... आणि मलाही."

तो जागच्या जागी थबकला. रस्ता रुंद होणार होता, त्याची मोजणी करत तो सकाळपासून उन्हात फिरत होता. कुंपणामागून ती बाहेर आली. हातात कात्री, कोपरापर्यंत माती, कपाळावर मातीचाच एक ओरखडा. तिने पट्टी अलगद सोडवून त्याच्या हातात ठेवली.

"काय मोजताय? माझी नर्सरी किती उरणार ते?"

"तुमची सगळी उरतेय. माझ्याच घराची भिंत जातेय," तो म्हणाला. "मीच मोजली, मीच कागदावर रेघ मारली."

ती खळखळून हसली. मग त्याचा चेहरा पाहून गप्प झाली.

भिंतीचं त्याला काही नव्हतं. भिंतीवर मधुमालती होती. धाकट्या बहिणीने लावलेली. बहीण जाऊन तीन वर्षं झाली होती.

"वेल हलवता येते का हो?" त्याने विचारलं.

वेलींच्या बाबतीत आख्ख्या गावात तिचा शब्द चालायचा. लोक तिला नावाने ओळखतच नसत, 'वेलवाली' म्हणत. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. मधुमालती भिंतभर पसरली होती, पण फुलांचा हंगाम नव्हता. नुसती पानंच पानं.

"ही नुसती रेलते बघा," ती म्हणाली. "कृष्णकमळाला तंतू असतात, दिसेल त्याला वेटोळं घालतं. गारवेल स्वतःच गोल गोल फिरत वर जाते. काही वेली भिंतीला मुळं चिकटवतात, मग सोडवताना गिलावाही सोबत घेऊन येतात. आणि ही... आधार मिळाला की अंग टाकते. आधार काढला की पसरली."

"आणि तुम्ही यातल्या कुठल्या?"

"मी कुंड्या वाहते, मोजणीसाहेब. माझ्यावर वेली चढतात."

त्याचे कान लाल झाले. तिने ते पाहिलं आणि मुद्दाम न पाहिल्यासारखं केलं.

"पाऊस पडेपर्यंत थांबू या का?" त्याने विचारलं. "भिंत पाडायला अजून दोन महिने आहेत."

थांबायलाच हवं होतं. ऐन उन्हात जुनी वेल हलवत नाहीत, हे तिने शंभर जणांना ठणकावून सांगितलं असेल. पण दोन महिने थांबायचं म्हणजे दोन महिने या घरी यायला निमित्त नाही...

"छे, मी आहे ना," ती म्हणाली. "आत्ताच हलवू."

वेल छाटून कमरेएवढी केली, मातीच्या गोळ्यासकट उचलली आणि मागच्या दारी लावली. पुढचे पंधरा दिवस ती रोज जायची. तो पाण्याची झारी धरायचा, ती बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. त्याची आत्या खिडकीतून ओरडायची, "अरे, झाडाला पाणी घालायला दोन माणसं लागतात होय?" आणि दोघंही एकदम झारीकडे बघायची.

मग तो तीन आठवडे दूरच्या मोजणीवर गेला. जाताना फक्त एवढंच म्हणाला, "सांभाळ."

वेलीला की स्वतःला, की अजून कशाला... ती दिवसभर त्या एका शब्दाशी खेळत राहिली.

दहाव्या दिवशी तिने नखाने साल खरवडली. आतून हिरवं दिसायला हवं होतं, तपकिरी दिसलं. खालपर्यंत खरवडत गेली. सगळीकडे कोरडं. उकरून पाहिलं तर मुळं काळी पडली होती, बोटात धरताच तुटत होती. ती तिथेच मातीत फतकल मारून बसली. चूक कुणाची, हे शोधायला कुठे जायची गरज नव्हती.

दुपारी आत्या झोपली असताना तिने नर्सरीतली तेवढ्याच जाडीची मधुमालती आणली. तेवढीच उंच छाटली, त्याच खड्ड्यात लावली, त्याच सुतळीने बांधली. मेलेली वेल पोत्यात घालून घेऊन गेली. त्याला धक्का बसू नये म्हणून करतेय, असं ती निघताना स्वतःला समजावत होती. अर्ध्या वाटेवर तिला कळलं की ती घाबरली आहे. वेल गेली म्हटल्यावर तोही जाईल, एवढीच ती भीती होती.

तो परतला तेव्हा काडीवर पाच कोंब होते. तो गुडघ्यावर बसला. कोंबाला बोटाच्या टोकाने शिवला आणि किती तरी वेळ उठला नाही. उठला तेव्हा डोळे पुसत हसत होता. त्याने पहिल्यांदाच तिचा हात धरला.

"तू... काय बोलू मी तुला?"

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. ते मात्र अगदी मनापासून.

पाऊस सुरू झाला आणि वेल झपाट्याने वाढली. तो दर रविवारी ती मोजायचा. "सहा फूट चार इंच. तुझ्या डोक्याच्या वर गेली." "माझ्या डोक्याच्या वर काय काय जातं, तुला काय माहीत?" ती म्हणायची. ते महिने सुखाचे होते. खोटं म्हणावं तर तेवढं सुख तिला आधी कधी मिळालं नव्हतं.

एका संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर बसली होती. तो बहिणीबद्दल बोलत होता.

"फुलं कानात अडकवून घरभर मिरवायची. पाच पाकळ्या आणि लांब देठ... म्हणायची, बघ दादा, डूल!"

पाच पाकळ्या म्हणजे एकेरी मधुमालती. तिच्या नर्सरीत होती ती दुहेरी, भरगच्च पाकळ्यांची. पानं दोघींची सारखीच. वेल हलवण्याआधी कुठलंही नवशिकं माणूस विचारेल तो प्रश्न, एकेरी की दुहेरी, तिने विचारलाच नव्हता.

पंधरा दिवसांनी कळ्या आल्या. जाड, टपोऱ्या. तिने त्या खुडल्या. पुढच्या वेळीही खुडल्या.

"अजून फुलं कशी येत नाहीत गं?"

"हलवलेली वेल आहे. पहिलं वर्ष तिला जोम धरू दे."

तो मान डोलवायचा, पण दर खेपेला थोडा उतरायचा. एकदा म्हणालासुद्धा, "लवकर यायला हवीत... मला घाई आहे." कशाची, ते सांगितलं नाही. गालातल्या गालात हसला फक्त.

चौथ्या खेपेला ती कळ्या खुडत होती आणि तो मागे येऊन उभा राहिला.

"हे काय करतेयस?"

मुठीत नऊ कळ्या होत्या. काही तरी सांगता आलं असतं. कीड लागली म्हणाली असती तर त्याने विश्वास ठेवला असता. त्याने तिच्यावर नेहमीच विश्वास ठेवला होता... आणि त्या क्षणी तेच तिला सोसवेना.

तिने सगळं सांगितलं. घाई केली तिथपासून पोत्यापर्यंत.

तो पायरीवर बसला. मग विचारलं, "कुठे टाकलीस?"

"नर्सरीच्या मागे. पुरली."

"मला निरोपसुद्धा घेऊ दिला नाहीस तिचा." आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "वेल मेली असती तर मी रडलो असतो गं. तुझ्याच खांद्यावर रडलो असतो. एवढंच झालं असतं."

"मला वाटलं, तू..."

"आत्याला मी सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "पहिलं फूल आलं की तुला विचारायचं. माझ्याशी लग्न करशील का म्हणून. तिच्या फुलासमोर विचारायचं होतं मला."

तिची मूठ उघडली गेली. कळ्या पायरीवर पडल्या.

"आता विचार," ती कशीबशी म्हणाली.

त्याने मान हलवली. "या चार महिन्यांतलं खरं काय होतं, तेच मला कळेनासं झालंय. तू जा."

महिन्याभरात त्याने बदली मागून घेतली. आत्याही त्याच्याबरोबर गेली. तिने दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

दीड वर्षानंतर, एका सकाळी, ती कमानीवर कृष्णकमळाची टोकं बांधत होती. फाटक वाजलं. तो उभा होता. थोडा जाड झाला होता, उन्हाने रापला होता. ती शिडीवरून घाईने उतरली, शेवटची पायरी चुकली.

"लागलं का?"

"नाही. आत्या कशी आहे?"

"बरी आहे. तुझी आठवण काढते." तो थांबला. "इथे काम होतं, म्हटलं सांगून जावं. माझा राग गेला."

तिने एक पाऊल पुढे टाकलं. "मग...?"

"मग काही नाही." तो खाली मातीकडे बघत होता. "राग होता तोवर तू रोज डोक्यात असायचीस. भांडायचो तुझ्याशी, एकटाच. आता दिवस दिवस आठवण येत नाही. कधी, कसं झालं, कळलं नाही. वाईट वाटतं, पण... तुला खरं सांगावंसं वाटलं."

कुठे तरी नळ ठिबकत होता. तिने हातातली सुतळी बोटाभोवती घट्ट गुंडाळली.

"मी नाही विसरले," ती म्हणाली. "एक दिवसही नाही."

त्याने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया होती, काळजी होती. तिला हवं होतं ते नव्हतं.

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "निघू?"

"हं."

तो गेला. जाताना कुंड्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, सावकाश गेला. बाहेर पडल्यावर वळला, हात आत घालून फाटकाची कडी नीट अडकवली, आणि रस्त्याला लागला.