प्रतिध्वनी लवकर आला

सांगते, पण मध्ये थांबवू नका. एकदा थांबले तर पुढचं सांगायचा धीर व्हायचा नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीला ध्वनीचा धडा चालू होता. शाळेमागच्या टेकडीत एक बंद पडलेला बोगदा आहे, त्याचं पलीकडचं तोंड भिंत घालून बुजवलेलं. टेप न लावता त्याची लांबी मुलींकडून मोजून घ्यायची, असं मी ठरवलं होतं. आदल्या दिवशी भर दुपारी मी आणि प्रयोगशाळेतले काका आधी करून पाहायला गेलो. काका तीस वर्षं भिंगं पुसत आलेत, म्हणून मुली त्यांना भिंगकाका म्हणतात.

आत साठेक पावलं गेलो. गारवा, ओल्या दगडाचा वास, कुठेतरी ठिबकणारं पाणी. काकांनी दोन फळ्या एकमेकींवर आपटल्या, मी स्टॉपवॉच दाबलं. आवाज परत आला. दोन सेकंद.

"म्हणजे किती हो, बाई?"

"आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. दोन सेकंदांत जाऊन परत आला. म्हणजे भिंत तीनशे चाळीस मीटरवर."

"जागचं न हलता मोजलं की!" काका खूश झाले.

पुन्हा आपटल्या. दीड सेकंद.

"तुमचं बोट घसरलं असेल."

पुन्हा. एक सेकंद. मग अर्धा. बोट इतकं घसरत नाही. आम्ही जागचे हललो नव्हतो, आणि भिंत काही चालत येत नाही. मी विजेरी समोर धरली. झोत लांब जाऊन अंधारात विरला. वाटेत काहीच नव्हतं. प्रकाश ज्याच्यातून आरपार जात होता, त्याच्यावर आवाज मात्र आपटत होता.

"काका... आणखी एकदाच."

त्यांनी फळ्या आपटल्या. या वेळी प्रतिध्वनी ऐकूच आला नाही.

"गेला वाटतं," काका कुजबुजले.

वर्गात मी शंभरदा सांगितलंय, सतरा मीटरच्या आत काही असलं, तर आवाज आणि प्रतिध्वनी कानाला वेगळे ऐकू येत नाहीत.

"नाही, काका... जवळ आलाय..."

आणि मी पळाले. खरं तेच सांगते. साठीला टेकलेल्या माणसाला काळोखात टाकून, मागे न पाहता पळाले. तोंडाशी पोचते न पोचते तोच मागे छत कोसळलं, नेमकं आम्ही उभे होतो तिथे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माझ्या बत्तीस मुली उभ्या राहणार होत्या. धुळीच्या लोटातून काका खोकत बाहेर आले, डोळे मिटलेले, एक हात पुढे केलेला. ते चालतायत एवढं मी पाहिलं, आणि लाजेने एक शब्दही न बोलता घर गाठलं.

चार दिवसांनी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. काकूंनी दारातच माझे हात धरले.

"तुम्ही ओढून आणलंत म्हणून हे आज दिसतायत हो, बाई!"

काकांचे डोळे भरून आले होते. "केवढा जोर तुमच्या हाताला! डोळ्यांत धूळ गेलेली, काही दिसेना. पण घर येईपर्यंत तुम्ही हात सोडला नाहीत. दारात मी म्हटलं, या, आत या... तेव्हा कुठे सोडलात."

मी माझ्या हाताकडे पाहिलं.

काकूंनी चहा आणला. आम्ही तिघं, आणि ट्रेमध्ये चार कप. त्या ओशाळून हसल्या. "चार दिवस झाले, रोज एक कप जास्तच होतो. का, ते माझं मलाच कळत नाही."

चौथा कप त्यांनी रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. मी माझी खुर्ची जरा मागे सरकवली. तरीही काका समोर होते, मुली शाळेत होत्या. मी त्या खुर्चीकडे पाहून मनापासून आभार मानले.

कपातल्या चहावर बारीक लहरी उठत होत्या. टेबल हललं, तर त्या सगळ्या काठांकडून उठतात. या एकाच बाजूने, एकीमागून एक, पलीकडच्या काठाकडे जात होत्या... कोणी हलकेच फुंकर घालावी तशा.