दारावरचा डोळा आणि डबेसाहेब

चंद्रावरच्या त्या केंद्रात सध्या दोनच माणसं होती, शाल्मली आणि तिची सुलभाआत्या, आणि दोघीही आतच होत्या. तरी रोज बाहेरचा दिवा लागायचा आणि दार गंभीर आवाजात सांगायचं, “माणूस आला.”

शाल्मलीची आई दूरच्या विवरात (खोल खड्ड्यात) बर्फ शोधायला गेली होती. तिच्यानंतर सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे पृथ्वी. मग रोज येत होतं कोण?

“शाले, बॅटरी तळाला चाललीय,” सुलभाआत्या म्हणाली. “इथली रात्र पंधरवडाभराची. ऊन नाही, म्हणजे नवी वीज नाही. आणि वीज संपली, तर तुझ्या आईसाठी दार उघडणारच नाही. हे रोज येतंय तरी कोण?”

शाल्मलीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. पृथ्वीच्या निळसर उजेडात पाण्याचे चार रिकामे डबे एकावर एक उभे होते. वर जुनं हेल्मेट.

“ते डबेसाहेब. सामान उचलायच्या यंत्राने मी त्यांना रोज दारासमोर आणते. आई गेल्यापासून कुणी येतच नव्हतं ना. म्हणून दारावरच्या डोळ्याला मी शिकवलं, हासुद्धा माणूस.”

“काय बोलतात?”

“फारसं नाही. पण स्वभावाने चांगले आहेत.”

आत्या हसली नाही. तिने खणातून नखाएवढी चकती काढली. “आपला डोळा म्हणजे असला सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती). साधा कॅमेरा प्रत्येक चित्र मोठ्या संगणकाकडे पाठवतो. ही धूळ. ही धूळ. ही पुन्हा तीच धूळ. या पाठवापाठवीतच वीज संपते. या चकतीत मात्र डोळ्याच्या पाठीलाच इवलासा मेंदू चिकटवलाय. तो आधी बघतो, काही हाललं का? नाही, तर गप्प. हाललं, तर जागच्या जागी ताडून बघतो, शिकवलेल्या आकारासारखं आहे का? असलं, तर चित्र पाठवत बसत नाही. एवढंच कळवतो, माणूस आला. त्याला वीज लागते चिमूटभर. खरी वीज खातात ते त्याच्या सांगण्यावरून जागे होणारे. दिवा, दारामागच्या खोलीत हवा भरणारा पंप, चहाचं यंत्र.”

“म्हणजे डबेसाहेबांसाठी रोज चहा होत होता?”

“हो. आणि मी तो पीत होते. कुणी केला, हे विचारायला हवं होतं,” आत्या गंभीरपणे म्हणाली. “आता डोळ्याला खरं शिकवायचं. ते तुलाच करावं लागेल.”

यंत्राने डबेसाहेबांना शेवटचं दारासमोर आणलं. शाल्मलीने बटण दाबलं.

“माणूस नाही,” दार म्हणालं.

“मनाला लावून घेऊ नका,” शाल्मली काचेला नाक लावून पुटपुटली.

मग सगळं शांत झालं. दिवा नाही, चहा नाही. दार एक अक्षर बोलेना. शाल्मली दाराशीच पाठ टेकून जेवायची.

“आत्या, डोळा बिघडला का गं?”

“छे. बघतोय. सांगण्यासारखं काही नाही, म्हणून गप्प आहे. बर्फ सापडू दे, इथे वस्ती होईल. मग त्याला उसंत मिळायची नाही.”

शाल्मली डोळ्याखाली सरकून बसली. वाट बघणारी ती एकटीच नव्हती तर.

आत्याची चहाविना चिडचिड अगदी टोकाला पोचली होती, तेव्हा दार बोललं.

“माणूस आला.”

शाल्मलीने आधी खिडकीतून डबेसाहेबांकडे पाहिलं. ते जागचे हलले नव्हते.

चहाचं यंत्र गुरगुरलं. चंद्रावर धावताना पाय जमिनीला जेमतेम लागतात. शाल्मलीचे त्या दिवशी लागलेच नाहीत.