मलावीला न गेलेली उज्वला

सिंधुबाईंनी डाव्या हाताने जेवणाचं ताट दूर सारलं आणि त्या म्हणाल्या, "त्या लोकांना हो म्हण. तोवर मी नाय जेवणार."

उज्वला सासूकडे पाहतच राहिली... याच बाईसाठी तिने एकदा दिलेला होकार मागे घेतला होता.

नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात ती प्रसूती विभागाची परिचारिका होती. अडलेली बाळंतीण सोडवावी तर तिनेच, असं डॉक्टरही म्हणत. एका सेवाभावी संस्थेने तिला दोन वर्षांसाठी आफ्रिकेतल्या मलावी देशात पाठवायचं ठरवलं होतं. पगार नाही, फक्त राहण्या-जेवण्याची सोय. निघण्याच्या तोंडावर सिंधुबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, आणि तिचा नवरा शेखर भरल्या घरात सगळ्यांसमोर म्हणाला, "परक्यांची बाळंतपणं करायला निघालीय. घरातल्या म्हातारीला कोण बघणार?" त्या शब्दांनी तिचं अंतःकरण विदीर्ण झालं. तिने नकार कळवला. पुढे कित्येक वर्षं ड्युटीच्या आधी आणि ड्युटीनंतर तिने त्या जड, अर्ध्या निर्जीव देहाला उचललं, न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं... आणि बदल्यात सिंधुबाईंचा त्रागाच ऐकला.

आता संस्थेचा फोन पुन्हा आला होता. उज्वलाने नाही म्हटलेलं सिंधुबाईंच्या कानावर पडलं होतं.

"माझं पहिलं लेकरू गावी सायखेड्याला पोटातच गेलं," त्या खाली बघत बोलल्या. "सुईण मिळाली नाय. ते दुःख मी शेखरच्या बापाशीसुद्धा कधी बोलले नाय. मी स्नेहलकडे राहीन. लेक आहे माझी, सांभाळील. तू जा."

उज्वलाने ताट पुन्हा सासूपुढे ओढलं आणि स्वतःच्या हाताने घास भरवला.

रविवारी लॅपटॉपवर मुलाखत झाली. संस्थेच्या बाई सौम्य होत्या. तुमच्या कौशल्याबद्दल शंका नाही, त्या म्हणाल्या, पण तिथे तेवढ्यावर भागत नाही. वीज जाईल, औषध संपेल, डोळ्यांदेखत एखादी आई जाईल, आणि तरी सकाळी पुन्हा उभं राहावं लागेल. मग त्यांनी विचारलं, आपली नसलेली माणसं, त्यांचा राग, त्यांच्या रीती, आणि कौतुकाचा शब्दही नाही, अशा ठिकाणी तुम्ही दिवसामागून दिवस काढू शकाल का?



"मला सवय आहे," उज्वला म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण पाण्याचा ग्लास घेऊन दारात आलेला शेखर तिथेच थबकला, आणि ग्लास तसाच घेऊन मागे फिरला.

तिची निवड झाली. राहिली होती ती फक्त वैद्यकीय तपासणी.

डॉक्टरांनी तिच्या पाठीचा एमआरआय पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मणक्यातल्या दोन गाद्या सरकल्या होत्या, नस दबली होती. इतकं ओझं कसलं उचलत होतात, त्यांनी विचारलं. शेजारी बसलेल्या शेखरनेच हलकेच सांगितलं, "माझ्या आईला."

जिथे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठायलाच दिवस जातो, तिथे अशा पाठीच्या माणसाला पाठवता येत नाही. संस्थेच्या बाईंनी फोनवर फार हळुवारपणे समजावलं, पण निर्णय बदलणार नव्हता. आताही नाही... आणि पुढेही कधी नाही.

दोघं घरी आली तेव्हा सिंधुबाई स्वच्छ लुगडं नेसून बसल्या होत्या. शेजारच्या बाईकडून त्यांनी आपली पिशवी भरून घेतली होती, स्नेहलकडे जायला. ती पिशवी पाहून उज्वला दारातच थांबली. शेखरनेच सारं सांगितलं.

"माझ्या ओझ्यानं मोडलीस गं तू..." सिंधुबाईंनी पदर तोंडावर घेतला. उज्वलाने त्यांचं मस्तक छातीशी धरलं. दोघी रडल्या, एकमेकींना धरून, आयुष्यात पहिल्यांदाच.

शेखर तिच्या पायांशी बसला. "उज्वला, मी तेव्हा एकदा जरी आईला उचललं असतं..."

हे शब्द ऐकायला तिने किती वर्षं आतल्या आत आक्रोश केला होता! आज ते आले, आणि तिच्या काळजात काहीच हललं नाही. तिने त्याच्या केसांवर हात ठेवला. रागावण्यासारखंही आता काही शिल्लक राहिलं नव्हतं.

सिंधुबाईंची आडवं होण्याची वेळ झाली. उज्वला सवयीने उठली. शेखरने तिला अडवलं आणि तो स्वतःच आईपाशी वाकला, अवघडून, चुकीचाच.

"गुडघ्यात वाका," ती म्हणाली. "कंबरेला धरा. हाताला ओढू नका, दुखतं त्यांना."

त्याने आईला उचललं. मायलेक हळूहळू आतल्या खोलीत गेले. उज्वला मधल्या खोलीत एकटीच उभी राहिली. आता तिला कुणी अडवणारं नव्हतं, आणि जायला वाटही उरली नव्हती. थोड्या वेळाने ती सावकाश खाली बसली, सासूबाईंची पिशवी तिने उघडली आणि आतली लुगडी एकेक करून पुन्हा कपाटात लावायला घेतली.