थांबलेले थेंब

शिरोळजवळ भाऊसोंची पनीरची डेअरी आहे. पनीर काढल्यावर उरणारी निवळी ते ओढ्यात सोडत. काठावरच्या शेवंताबाईंची विहीर त्यानं नासली. त्यांनी तक्रार केली आणि डेअरीला टाळं लागायची वेळ आली. तेव्हा भाऊसो कोल्हापुरात माझ्या प्रयोगशाळेत आले. मी केमिकल इंजिनिअर. निवळीतलं प्रथिन वेगळं काढलं, की उरलेल्या पाण्याची सफाई सोपी होणार होती.

माझ्याकडे काचेचा उभा स्तंभ होता, माणसाहून थोडा उंच. वरून क्षार मिसळलेली निवळी उतरायची. खालून एका हलक्या द्रवाचे थेंब तिच्यातून चढायचे आणि चढताना प्रथिन ओढून घ्यायचे. एका वेळी स्तंभात थेंब किती राहतात, त्याला आम्ही होल्डअप म्हणतो. कमी राहिले तर प्रथिन निसटतं. फार झाले तर एकमेकांत मिसळतात आणि स्तंभ तुंबतो. माझा उन्हाळाभर तुंबतच होता.

त्या दुपारी भाऊसोंच्या देखत थेंब वाढत गेले. तुंबायची मर्यादा मागं पडली, तरी वाढतच गेले. डाळिंबाच्या दाण्यांसारखे दाटीनं बसले, पण एकही दुसऱ्यात मिसळला नाही. मी घाबरून पंप बंद केला.

थेंब वर निघून जायला हवे होते. ते जागीच थांबले.

"बंद पडलं काय ओ मॅडम?" भाऊसोंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

स्तंभाच्या खालच्या नळातून उतरलेलं पाणी घेऊन त्यात तपकिरी रसायन टाकलं. प्रथिन असलं की ते निळं होतं. ते तपकिरीच राहिलं. पुन्हा केलं, तरी तपकिरीच. थेंबांनी काहीच मागं ठेवलं नव्हतं. एरवी थोडं तरी उरतंच.

"म्हंजे जमलं?"

"जमलं, भाऊसो."

त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं धावत आली.

नंतर मी द्रव बदलले, तापमान तपासलं, पंप दुसरा लावला. दर वेळी तेच. एकदा काच गार लागते का, हे बघायला तळवा टेकवला. थेंब हळूहळू सरकले आणि आतून माझ्या हाताशी जमले. पाची बोटं उमटली.

मी हात काढला. पंजा तसाच राहिला.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. निकाल खरा होता, आणि मला तो हवा होता.

प्रात्यक्षिकाला शेवंताबाई गावातल्या बायकांना घेऊन आल्या. पदर नाकाला लावूनच त्या नळापाशी वाकल्या. मग पदर सुटला.

"वास न्हाय की गं ह्याला!" त्या ओरडल्या. "भाऊसो, आता माझ्या हिरीचं पाणी प्यायला यायचं बघा!"

"येतो की आक्का! गुळासकट येतो!"

कुणीतरी गुलाल उधळला. माझे केस, कोट, स्तंभाचा लोखंडी सांगाडा, सगळं लाल. इतक्या वर्षांत मी प्रयोगशाळेत कधी नाचले नव्हते. त्या दिवशी नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्तंभ रिकामा केला, धुतला, गरम हवेनं आतून कोरडा केला. तेवढ्यात भाऊसोंचा फोन आला.

"मॅडम, आता ह्याच्या धाप्पट मोठा करूया. डेअरीतच उभा करायचा. करायचा न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

समोरच्या काचेवर, अगदी माझ्या तोंडाच्या उंचीवर, आतल्या बाजूनं वाफ धरली.

मग विरली.

"ऐकू येतंय न्हवं?" भाऊसो म्हणत होते. "हॅलो? तिथं दुसरं कोण बोलतंय?"