मोकळी कू

जांभळं पिकायला लागली की सोनावळ्याच्या ठाकरवाडीत दिवसा माणूस सापडणं मुश्कील. पोरंबाळं, म्हाताऱ्याकोताऱ्या, सगळी टोपल्या घेऊन रानात. पिकली जांभळं पानांच्या द्रोणात भरायची, टेंपोत बसायचं आणि कर्जतच्या स्टेशनाबाहेर रांगेनं विकायला मांडायची. त्यामुळे त्या सकाळी गोदा आपल्या लेकीला, रूपालीला, घेऊन धरणाच्या अंगाला उतरली तेव्हा कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. फक्त दोघींच्या हातात टोपली नव्हती.

ते एकट्या धाऊच्या लक्षात आलं. धाऊ गोदाचा धाकटा दीर. तो उंबऱ्याशी बसून कोयत्याला धार लावत होता.

"वयनी, सांजच्या आत भायेर पडा. वरनं पानी सोडत्यात."

"ठावं हाय मला."

"आन काय नाय घावलं, तर?"

"तर घाल दिवस. मी आडवी येनार नाय," गोदा म्हणाली आणि चालू लागली.

गोदाचा नवरा जैतू मागच्या उन्हाळ्यात धरणातल्या बेटांवर जांभळं पाडायला गेला, तो परत आला नाही. पोलीस आले, होडी फिरली, गळ टाकून झाले. त्याची चप्पलसुद्धा हाती लागली नाही. वर्षभर घरानं वाट पाहिली. आता पावसाच्या आत त्याचे दिवस घालावेत असं धाऊचं म्हणणं होतं, आणि त्यात त्याचं चुकत नव्हतं, कारण रूपालीचं ठरलेलं लग्न त्याच एका गोष्टीपायी अडून बसलं होतं. गोदानं एवढंच मागून घेतलं होतं की पाणी उतरलं की एकदा सगळी बेटं ती स्वतःच्या पायांनी पालथी घालील. हाड मिळो, कोयता मिळो, नाहीतर काहीच न मिळो, परत येऊन कुंकू पुसायचं. पण बघितल्याशिवाय पुसायचं नाही. बाई हट्टी होती. वाडी तिच्या हट्टाची मागून टिंगल करायची आणि समोर तिच्या वाटेला जायची नाही.

ही बेटं म्हणजे मुळात टेकड्या. धरण व्हायच्या आधी तिथं गच्च रान होतं आणि जुनी ठाकरवाडीही तिथंच होती. पाणी चढलं, वाडी उठून काठावर आली, टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. मे सरता सरता पाणी इतकं खाली जातं की काठापासून पुढल्या बेटापर्यंत मातीचा एक अरुंद पट्टा उघडा पडतो. त्याला दांडा म्हणतात. दांड्यावरून पुढलं बेट, तिथून सुकलेल्या गाळातून मागली बेटं, असं सगळं चालत हिंडता येतं. दिवस कलला आणि वरून पाणी सोडलं की दांडा पुन्हा बुडतो.

गोदा दांड्यावर उतरली. भेगाळलेली माती पायाला गरम लागत होती, मधोमध मात्र एका जागी ती अजून ओली आणि गार होती. ती त्या जागेवरून चालत पलीकडे गेली.

"आये, मी कू देऊ का? रान ऐकंल तरी," रूपाली मागून म्हणाली. ती खालापूरच्या बाजूला एका फार्महाऊसवर चादरी धुण्याच्या कामाला होती. रानात उतरून तिला बरेच दिवस झाले होते आणि ती थोडी खुशीत होती. आईबरोबर दिवसभर मोकळं चालायला मिळालं होतं, त्याची ती खुशी.

"नाय," गोदा म्हणाली. "आज तोंड उघडायचं नाय."

ठाकरांची कू ज्यानं ऐकली आहे त्याला सांगायला नको. दाट रानात माणूस माणसाला दिसत नाही, आणि रानात नाव घेऊन हाक मारायची नसते. म्हणून एकानं आखूड कू द्यायची, म्हणजे "कुठं हायस?", आणि बाकीच्यांनी तशीच कू देऊन जागा सांगायची. ज्यानं उत्तर दिलं त्याला बरोबर घेतल्याशिवाय रानातून निघायचं नाही, हा त्यातला कायदा. सगळी बाहेर पडली की जो सर्वांच्या शेवटी बाहेर येतो तो काठावर उभं राहून एक लांब कू देतो. ती मोकळी कू. तिला कुणी उत्तर देत नाही. ती झाली की आत कुणी राहिलेलं नाही असं समजायचं आणि मागं न बघता घरी जायचं.

मागच्या वर्षी त्या संध्याकाळी सगळ्यांच्या मागून गोदाच बाहेर आली होती. जैतूनं आतून उत्तर दिलेलं तिनं कानांनी ऐकलं होतं. मग दांडा बुडाला, अंधार पडला, बायका म्हणाल्या, दे मोकळी आणि चल. तिनं दिली नाही. नवरा आत असताना ती कशी देणार? ती तशीच घरी आली, आणि ती कू वर्षभर तिच्या छातीत अडकून राहिली.

पुढल्या बेटावर रान विरळ होतं, पण काय रान ते! पावसाळ्यात जिथवर पाणी चढतं तिथवर प्रत्येक खोडावर गाळाची एकसारखी रेघ होती, आणि ती रेघ गोदाच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. फांद्यांच्या बेचक्यांत शिंपले अडकले होते. एका ऐनाच्या झाडावर मासे धरायचं फाटकं जाळं लोंबत होतं आणि त्याच्या वरच्या फांदीवर, जाळ्याची पर्वा न करता, कोवळी पालवी फुटली होती. दोघी तळ्याच्या तळातून चालत होत्या. काही महिन्यांनी त्यांच्या डोक्यावरून होड्या जाणार होत्या. गोदाला भीती वाटली नाही. देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं तिचं झालं.

तिनं प्रत्येक झुडूप वाकवून पाहिलं, खडकाच्या कपारीत काठी घातली. दुपार झाली, भाकरी खाऊन झाली, पुन्हा शोध सुरू झाला. वाकून वाकून ती करवंदीच्या एका जाळीमागं गेली आणि रूपालीला दिसेनाशी झाली.

तेव्हाच मागून आखूड, गोड कू आली. पोरीनं सवयीनं दिली होती. आई दिसत नाही म्हटल्यावर ठाकराच्या पोरीनं दुसरं काय करायचं?

गोदा ओरडणार तोच उत्तर आलं.

मागल्या बेटावरून आलं ते. पुरुषाची कू, शेवटाला किंचित घसरणारी. जैतूची कू तशीच घसरायची. त्यावरून लग्नात करवल्यांनी त्याची चेष्टा केली होती, आणि तोही हसला होता.

रूपाली झाडांतून पुढे आली. आईला जाळीमागं उभी पाहून तिचा चेहरा उतरला. "आये... तू दिलीस ना?"

गोदानं मान हलवली.

"मंग कुनी...?"

"तुझ्या बाबानं," गोदा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. तिला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर आनंदही होत होता. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिला खरं ठरवलं होतं.

"आये, घरी जाऊ."

"आता जाता यायचं नाय गं. उत्तर दिलंय त्यानं."

गाळ ओलांडून त्या मागल्या बेटावर चढल्या. तिथं रान गच्च होतं. जुन्या वाडीची जागा तीच. घरांची दगडी जोती अजून ओळीत होती आणि त्यांच्यामधून झाडं उगवली होती. उन्हं तिरपी झाली होती, पण आत उजेड हिरवा आणि गार होता. एकही पाखरू बोलत नव्हतं. ओल्या मातीचा, कुजल्या पानांचा आणि कुठंतरी नुकत्याच उकडलेल्या भाताचा वास येत होता. रूपालीनं आईचा पदर धरला, लहानपणी धरायची तसा.

गोदा मधल्या जोत्यावर उभी राहिली. तिनं तोंडाशी हात नेले आणि वर्षभराचा जीव ओतून कू दिली.

क्षणभर काही नाही.

मग जवळच्या जोत्यामागून एका म्हातारीची कू आली, दमलेली. तिच्या पलीकडून पोराची, खोडकर. उतारावरून दोन बायकांची, एकदमच. मग खालून, जिथं अजून पाणी होतं तिथून, पुरुषांची. आणि मग इतकी, की एकेक वेगळी करता येईना. सगळं रान उत्तर देत होतं. जी माणसं या टेकड्यांवर पिढ्यान् पिढ्या जांभळं वेचत, मध काढत, लाकडं तोडत हिंडली होती ती सगळी "इथं हाय, इथं हाय" म्हणत होती. गोदाचे हात आपोआप जोडले गेले.

तिला सासूनं सांगितलेलं समजलं ते तेव्हा. पाणी चढलं त्या दिवशी वाडी घाईघाईनं उठली होती. कुणी मडकी उचलली, कुणी कोंबड्या. शेवटी कोण बाहेर पडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मोकळी कू कुणीच दिली नव्हती.

"आये, बाबा कुठं?" रूपाली रडवेली झाली होती. "यांच्यात बाबा नाय ना गं..."

खरंच नव्हता. गोदानं कान देऊन ऐकलं. त्या एवढ्या कल्लोळात ती घसरणारी कू कुठेच नव्हती.

उजेड तांबूस झाला. आता रूपालीनं ऐकलं नाही, आईचा हात धरून तिला ओढतच पुढल्या बेटावर, दांड्याच्या तोंडाशी आणलं. पाणी सुटलं होतं. दांड्याच्या दोन्ही कडांवर ते हळूहळू चढत होतं. मागून कू येतच होत्या, न थकता.

"चल ना गं. बुडंल वाट."

"येवढ्या जनांनी उत्तर दिलंय, रूपा. कसं टाकून जाऊ?" गोदानं पाय रोवले. "आन तुझा बाबा..."

तिचं बोलणं अर्धंच राहिलं. समोरून, काठाच्या बाजूनं, लांब कू आली. सुटली ती सुटतच गेली, पाण्यावरून, बेटांवरून, पार डोंगरापर्यंत, आणि शेवटाला किंचित घसरली. जैतूची मोकळी कू होती.

मागचं सगळं रान एका दमात गप्प झालं.

गोदाच्या छातीतलं काहीतरी सैल झालं होतं. जे तिच्यानं होत नव्हतं ते त्यानं केलं होतं. सगळ्यांना सोडवलं होतं, तिलाही. तिला त्याची इतकी माया आली की तिला काही दिसेनासं झालं.

"आये," रूपाली अगदी हळू म्हणाली. "मोकळी तर शेवटी भायेर पडतो तो देतो ना? आपुन तर अजून आतच हाय..."

गोदानं लुगडं वर खोचलं आणि लेकीचा हात घट्ट धरून ती दांड्यावर उतरली. पाणी घोट्याला होतं, मधोमध ते पोटरीला लागलं, आणि तिथं ते फारच गार होतं.

काठावर माणसं जमली होती. वाडी सगळी उतरून आली होती, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळी. धाऊ पाण्यात शिरून पुढे आला आणि त्यानं दोघींना हात दिला.

"घाल दिवस, भावजी," गोदा म्हणाली. "त्यानं सोडलं मला. हितनं काठावरनं मोकळी दिली त्यानं. तुमी ऐकली आसंल."

धाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "ऐकली. म्हनून तर समदी पळत आलो. पन वयनी... दादाची कू काठावरनं नाय आली. समोरनं आली, बेटाकडनं. आमाला वाटलं, तुमी दोघी आत राह्यलात..."

बाया माना हलवत होत्या. सगळ्यांनी तसंच ऐकलं होतं.

गोदानं वळून पाहिलं. तिला ती काठाकडून आली होती, वाडीला बेटाकडून. आणि काठ आणि बेट यांच्या मधे दांड्याशिवाय काही नव्हतं. वर्षभर तिनं बेटं पालथी घालायचं मनात घेतलं होतं, आणि जैतू वाटेतच होता. मागल्या बेटावरून ऐकू आलेलं त्याचं उत्तर म्हणजे तिथल्या रानानं परतवलेला आवाज होता. आज दोनदा ती त्याच्यावरून चालली होती. त्या गार जागेवर आता पाणी भरलं होतं आणि ते अगदी निवांत दिसत होतं.

"उद्या सकाळी पानी उतरलं की मधोमध खना," ती धाऊला म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "तिथंच घावंल."

धाऊनं मान डोलावली. माणसं परत फिरायला लागली.

आणि तेव्हा दांड्याच्या मधून, पाण्याखालून आल्यासारखी, एक कू आली. आखूड. विचारणारी.

उत्तर देणाऱ्याला बरोबर घेतल्याशिवाय निघायचं नाही, हा कायदा त्यालाही ठाऊक होता. गोदानं एक हात रूपालीच्या तोंडावर दाबला आणि दुसरा स्वतःच्या. स्वतःच्या तोंडावरचा हात तिला जास्त जोरानं दाबावा लागला. काठावर सगळी वाडी श्वास रोखून उभी होती. एकही माणूस मागं घरात राहिलं नव्हतं.

वरून, रिकाम्या वाडीतून, उत्तर आलं. म्हातारीची कू, तीच दमलेली.