दुसरी चावी

ही घडलेली गोष्ट आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. ज्याच्या बाबतीत घडली, तो संघर्ष पगारेही ठेवत नाही.

साल २००९. नाशिक, पाथर्डी फाट्याजवळची सोसायटी. अमावस्या वगैरे नव्हती. बुधवार होता, आणि संध्याकाळचं लोडशेडिंग.

संघर्ष इंजिनियर. जपानमधली नोकरी संपवून येताना त्याने तिथली हायब्रिड गाडी सोबत आणली होती. अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर. शेजारचे रावजी काका म्हणाले, "विजेवर? मग नाशकात अर्धीच चालेल."

गाडीच्या चाव्या दोन. कुठे घालायच्या, फिरवायच्या नाहीत. चावी खिशात ठेवून जवळ गेलं की गाडी ओळखायची, आतला दिवा आपोआप लागायचा. हँडल ओढलं की दार उघडायचं.

एक चावी संघर्षकडे. दुसरी सविताच्या पर्समध्ये.

सविता त्याची बायको. घोटीला शिक्षिका, जाणं-येणं जीपने. संध्याकाळी परतली की आधी घरात येतच नसे. खाली गाडीत जाऊन डोळे मिटून बसायची.

"घर वर आहे, मॅडम," संघर्ष चिडवायचा.

"शाळेत मी बाई, वर मम्मी. इथे मी कुणाचीच कुणी नाही. बसू दे जरा."

जुलैच्या पुरात ती जीप वाहून गेली. सविताचा देह सापडला.

पर्स सापडली नाही.

पावसाळा सरला, आणि गाडी सकाळी उठेनाशी झाली.

पंचवटीतून बॅटरीवाला गोरक्ष आला. त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, बॅटरी चोरीला गेली तुमची."

"डिकीत असते ती."

"डिकीत? मग स्टेपनी काय सीटवर बसवता?" त्याने ती पाहिली. "एवढीशी? हिच्यावर गाडी चालते?"

"चालते मोठीवर. ही छोटी तिला फक्त जागं करते. ही गेली की मोठी असून नसल्यासारखी."



गोरक्षने मीटर लावला. बॅटरी दुकानात नेऊन चार्ज केली. ठणठणीत. परत बसवली.

सकाळी... मेलेली.

नवी आणून बसवली. तीही मेली.

"रात्रीचं काहीतरी चालू राहतंय साहेब. कोण बसतं का गाडीत?"

"कोण बसणार?"

एकच कारण उरत होतं. चावी गाडीजवळ राहिली, तर गाडी जागी राहते आणि छोटी बॅटरी संपत जाते. संघर्षने आपली चावी तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याच्या डब्यात ठेवली.

तो बुधवार. वीज गेली. सगळी सोसायटी अंधारात. संघर्ष गॅलरीत उभा होता. शेजारी तेजल, त्याची दहावीतली मुलगी.

खाली...

गाडीतला दिवा लागला.

आत कुणी नाही. आजूबाजूला कुणी नाही. दिवा मात्र विझेना.

"पप्पा..." तेजलने त्याचा शर्ट घट्ट धरला.

संघर्षने तिला दमट हवा, सेन्सर, शॉर्टसर्किट, सगळं समजावलं. इंजिनियरला कारणांची कधी टंचाई नसते. पण दिवा रोज लागायचा. पोरगी जेवेना, झोपेना. अभ्यास तर राहिलाच.

"हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाका," गोरक्ष म्हणाला. "मग गाडी तिला ओळखणारच नाही."

मुंबईहून लॅपटॉपवाला आला. संघर्षने विचारलं, "काढलेली चावी पुन्हा नोंदवता येते का?"

"येते की. चावी घेऊन या फक्त."

संघर्षने वर गॅलरीकडे पाहिलं. तेजल उभी होती. तो म्हणाला, "काढा."

त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तेजल पोटभर जेवली. गोरक्षने फोनवर स्वतःचंच अभिनंदन करून घेतलं.

मग एका संध्याकाळी पुन्हा वीज गेली. पंखे थांबले. टीव्ही थांबले. त्या शांततेत खालून...

खट्ट.

गाडीचं हँडल ओढल्याचा आवाज.

खट्ट... खट्ट.

मग थोडं थांबणं. दार उघडत नाही म्हणून माणूस हातातली पिशवी खाली ठेवतो, तेवढंच.

खट्ट.

तेजल पुस्तक टाकून उठली. या वेळी ती घाबरली नव्हती. रडत होती.

"पप्पा, तिला उघडत नाहीये."

संघर्षने डबा उपडा केला, चावी घेतली आणि अनवाणीच जिना उतरला. पोचला तेव्हा आवाज थांबला होता. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. त्याने दार उघडलं. आत दिवा लागला. सीट रिकामी.

तो दार धरून उभा राहिला.

"बस," तो म्हणाला. "बस ना, सवि."

वीज आली. वरून तेजलने हाक मारली, "बसली का?"

संघर्षने दार तसंच उघडं धरून ठेवलं.

त्यानंतर ते हँडल पुन्हा कधी वाजलं नाही. आत येऊन बसली म्हणून...

की वाट बघून परत गेली म्हणून.